एकच केसपेपर

(भोपाळच्या गॅसकांडातल्या मृतांच्या स्मरणार्थ अयोध्या नगर इथं दिलेल्या व्याख्यानाचं मुद्रित रूप)



‘ॲलोपॅथी बरी की आयुर्वेद?’ असा विषय मंडळानं मला दिला. हा वाद घरोघरी चालतो. १९५६ नंतर नागपूरहून राजधानीबरोबर इथं आलेल्या घरांत तो चालतो, भेलच्या कारखान्यात नोकरीला लागून इथलेच झालेल्या घरांतही चालतो. आजीचा काढा, नातवाची गोळी आणि मधे अडकलेली सून. मी आयुष्यभर मेडिकल कॉलेजात औषधशास्त्र शिकवलं, त्यामुळे माझा कौल कुठल्या बाजूला पडेल हे तुम्ही धरूनच चालला असाल. पण भोपाळमध्ये उभं राहून, तेही आजच्या दिवशी, हा प्रश्न पुस्तकातून सोडवता येत नाही. औषध म्हणजे काय, ते देण्याचा अधिकार कुणाला आणि ते लागू पडलं हे ठरवायचं कुणी, या तिन्ही प्रश्नांची किंमत या शहरानं मोजली आहे.

२ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेलं. पाच लाखांहून जास्त माणसं त्यात सापडली. शहराच्या ५६ पैकी ३६ वॉर्ड पुढे गॅसपीडित म्हणून जाहीर झाले. आजचं अयोध्या नगर तेव्हा असं वसलेलं नव्हतं. पण काझी कॅम्प, जे. पी. नगर, छोला, रेल्वे कॉलनी इथून निघून पुढे शहराच्या या बाजूला घर केलेली माणसं आज या सभागृहातही असतील. हमीदिया रुग्णालयात त्या रात्री हजारोंनी लोक आले. तिथल्या तरुण डॉक्टरांनी हातात होतं ते सगळं दिलं: डोळ्यांत थेंब, ऑक्सिजन, श्वासनलिका मोकळ्या करणारी औषधं, स्टेरॉइड, अँटासिड. कारखान्याकडून त्यांना सांगण्यात आलं होतं की हा वायू अश्रुधुरासारखा आहे, चुरचुरतो, पण जीव घेत नाही. समोर माणसं मरत होती आणि कागदावरचं ज्ञान सांगत होतं की मरायला नकोत. ज्याला आपण आधुनिक वैद्यक म्हणतो, त्याच्याकडे त्या रात्री उतारा नव्हता. आयुर्वेदाकडे नव्हता, युनानीकडे नव्हता, कुणाकडेच नव्हता.

पुढचे काही महिने मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण त्या काळात या शहरात औषधावरून जी भांडणं झाली ती दोन पॅथींमधली नव्हती. गांधी मेडिकल कॉलेजातले न्यायवैद्यकाचे प्रमुख डॉ. हीरेश चंद्र शवविच्छेदनं करत होते. मृतांचं रक्त आणि अवयव त्यांना लालभडक दिसले. ही सायनाइडच्या विषबाधेत दिसणारी खूण. सायनाइडवर एक जुना, स्वस्त उतारा आहे, सोडियम थायोसल्फेट. फोटो धुणारे लोक ज्याला हायपो म्हणत, तेच रसायन, शिरेतून टोचण्याइतकं शुद्ध केलेलं. मॅक्स डाउंडरर नावाचे जर्मन विषतज्ज्ञ या इंजेक्शनांचा साठा घेऊन डिसेंबरातच भोपाळला आले. १९८५ च्या सुरुवातीला भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेनं रीतसर चाचणी घेतली. कुणाला खरं औषध मिळतंय आणि कुणाला नुसतं द्रावण, हे ना रुग्णाला ठाऊक ना देणाऱ्याला. औषध मिळालेल्यांच्या लघवीतून थायोसायनेट, म्हणजे शरीरातून निघणाऱ्या सायनाइडचं रूप, जास्त प्रमाणात बाहेर पडलं आणि लोकांना बरं वाटल्याच्या नोंदी झाल्या. सायनाइडचा सिद्धांत पूर्ण बरोबर होता का, यावर तज्ज्ञांचं एकमत पुढेही झालं नाही. पण औषध निरुपद्रवी होतं, स्वस्त होतं आणि चाचणी त्याच्या बाजूची होती. तरी ते सगळ्यांपर्यंत पोहोचवलं गेलं नाही.

मग लोकांनीच कारखान्याच्या आवारात जनस्वास्थ्य केंद्र उघडलं आणि बाहेरगावाहून आलेल्या डॉक्टरांनी तिथं ही इंजेक्शनं द्यायला सुरुवात केली. किती जणांना दिलं, आधी काय त्रास होता, नंतर काय झालं, हे ते लिहून ठेवत होते. जून १९८५ मध्ये पोलिसांनी त्या केंद्रावर रात्री धाड घातली, डॉक्टरांना अटक केली आणि नोंदी उचलून नेल्या.

मंडळी, हे नीट पाहा. देणारे मेडिकल कॉलेजात शिकलेले होते, अडवणाऱ्यांना सल्ला देणारेही तिथेच शिकलेले. एक बाजू रुग्णाचं काय झालं ते लिहीत होती आणि दुसऱ्या बाजूला ते लिहिलेलं अडचणीचं होतं, कारण लघवीतलं थायोसायनेट हा नुकसानभरपाईच्या खटल्यातला पुरावा झाला असता. त्याच वर्षी मार्चमध्ये मेडिको फ्रेंड सर्कल या गटानं इथं पाहणी केली होती. सेवाग्रामला जमणारा हा गट. पुण्याच्या आणि वर्ध्याच्या डॉक्टरांचा त्यात मोठा वाटा. कारखान्यासमोरचं जे. पी. नगर आणि लांबचं अण्णा नगर, अशा दोन वस्त्या त्यांनी घेतल्या. गरिबी साधारण सारखी, फरक वायूचा. घरोघरी जाऊन त्यांनी धाप, खोकला, डोळे, भूक, पाळी, झोप, सगळं विचारलं आणि फुप्फुसांची क्षमता मोजली. दुखणं फक्त डोळ्यांचं आणि छातीचं नाही, साऱ्या शरीराचं आहे, असा त्यांचा निष्कर्ष निघाला आणि थायोसल्फेट सर्वांना द्यावं अशी शिफारस त्यांनी केली. भारतीय वैद्यकाच्या इतिहासात मला अभिमानानं सांगावीशी वाटणारी जी पानं आहेत, त्यांत हे पान मी वर ठेवते.

यापुढचा काळ लांबलचक आणि कंटाळवाण्या दुखण्याचा. आयुर्विज्ञान परिषदेनं आपलं संशोधन १९९४ साली थांबवलं; दुखणं थांबलं नाही. सरकारच्या गॅस राहत खात्याची रुग्णालयं उभी राहिली, २००० साली भोपाळ मेमोरियल रुग्णालय सुरू झालं, पण बाह्यरुग्ण विभागातली रांग आणि रांगेच्या शेवटी मिळणारी मिनिटभराची भेट, हे चित्र फारसं बदललं नाही. दम लागतो म्हटलं की स्टेरॉइड, ताप म्हटलं की अँटिबायोटिक, झोप नाही म्हटलं की झोपेची गोळी. तीच औषधं, वर्षानुवर्षं.

अशा रुग्णाच्या पिशवीत काय असतं ते मी तुम्हाला सांगते. माझ्या एका परिचित बाईंनी, त्या इथल्याच, वयानं माझ्याहून थोड्या मोठ्या, त्यांची पिशवी माझ्यासमोर टेबलावर रिकामी केली होती. कपड्यांच्या दुकानाची जाड प्लॅस्टिकची पिशवी. तीतून निघाल्या सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या, नाव कापून गेलेल्या अर्ध्या पट्ट्या, दोन इनहेलर, त्यांतला एक संपलेला, ॲसिडिटीच्या गोळ्या, च्यवनप्राशची छोटी बरणी, होमिओपॅथीच्या पांढऱ्या गोळ्यांच्या चार बाटल्या, झाकणावर पेनानं आकडे घातलेल्या, आणि वर्तमानपत्रात बांधलेल्या तपकिरी पावडरीच्या पुड्या. बाई म्हणाल्या, ‘बाकी सगळं असंच आहे हो, पण ही जडीबुटीची पुडी घेतली की छाती मोकळी होते.’ चेहरा गोल झालेला, पोट सुटलेलं, हातपाय काडीसारखे, कातडीवर जरा लागलं की निळा डाग. औषधशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला पुडीत काय असेल हे विचारावं लागत नाही. पाळामुळांच्या चुऱ्यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटून मिसळायच्या, हा देशभर चालणारा धंदा आहे. बाई एकाच वेळी दोन वाटांनी स्टेरॉइड घेत होत्या, एक चिठ्ठीवरचं आणि एक पुडीतलं, आणि दुसऱ्याला त्या ‘साइड इफेक्ट नसलेलं’ समजत होत्या. शिवाय अशी पुडी एकदम बंदही करता येत नाही. शरीर स्वतःचं स्टेरॉइड तयार करणं विसरलेलं असतं, ते हळूहळू कमी करत आणावं लागतं. या पिशवीतली प्रत्येक वस्तू कुणी ना कुणी लिहून दिलेली होती. सगळ्या वस्तू एकत्र पाहणारं मात्र कुणी नव्हतं.

या शहरात एका ठिकाणी ती पिशवी एकत्र पाहिली गेली, म्हणून मी त्या ठिकाणाबद्दल जरा सविस्तर बोलणार आहे. बेरसिया रोडवरचं संभावना क्लिनिक. सतीनाथ सारंगी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ च्या सप्टेंबरात ते सुरू केलं. सरकारचा पैसा नाही, कंपन्यांचा नाही. देशोदेशींच्या साध्या माणसांच्या देणग्या. गॅसपीडितांना आणि कारखान्यामागच्या विषारी भूजलानं आजारी पडलेल्यांना मोफत उपचार. तिथं एमबीबीएस डॉक्टर आहेत, आयुर्वेदाचे वैद्य आहेत, योग शिकवणारे आहेत, पंचकर्माची सोय आहे, औषधी वनस्पतींची बाग आहे आणि त्या वनस्पतींपासून औषधं तिथेच तयार होतात. या साऱ्या गोष्टी सुट्या सुट्या भोपाळमध्ये मिळतातच. इथं सरकारी आयुर्वेद महाविद्यालय आहे, युनानी आहे, होमिओपॅथिक आहे, आता साकेत नगरला एम्सही आहे. पण संभावनात आलेल्या माणसाची नोंद एकदाच होते आणि वैद्य काय देतो ते डॉक्टरला दिसतं. त्यामागचा विचार सरळ आहे. विषानं आधीच पोळलेल्या शरीरात आणखी रसायनं जन्मभर ओतायची नसतील, तर ज्या त्रासावर श्वासाच्या व्यायामानं, तेलानं, वनस्पतीनं भागतं तिथं तेवढ्यावर भागवावं. जिथं भागत नाही तिथं आढेवेढे न घेता इनहेलर द्यावा, रक्त तपासावं. गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग लवकर हाती लागावा म्हणून तिथं बायकांची पॅप तपासणी केली गेली. आयुर्वेदावर विश्वास आहे म्हणून सूक्ष्मदर्शक नाकारायचा, हा प्रकार तिथं नाही.

योगाबद्दल शंका असणाऱ्यांसाठी एक गोष्ट. श्वासावर योगाचा काय परिणाम होतो, हे मोजायची सुरुवात आपल्याच माणसांनी केली. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केलं. आसनं करताना शरीरात काय होतं हे क्ष-किरणांनी, दाबमापकांनी पाहायची त्यांची धडपड होती. पुढे १९८५ मध्ये बंगळूरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी दम्याच्या रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापला: योग करणाऱ्या ५३ जणांना तितक्याच, न करणाऱ्या रुग्णांशी ताडून पाहिलं, योग करणाऱ्यांचे दम्याचे झटके कमी झाले, औषध कमी लागलं. कमी लागलं, बंद झालं नाही. हा फरक जो शिक्षक सांगतो त्याच्याकडे जा. इनहेलर फेकून द्या म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. दम्याचा मोठा झटका माणसाला तासाभरातही नेऊ शकतो.

आता आयुर्वेदाकडे येते आणि माझ्या आवडत्या उदाहरणापासून सुरुवात करते, क्षारसूत्र. भगंदर हे लाजेचं, चिवट दुखणं. शस्त्रक्रिया करावी तर पुन्हा उलटतं. वैद्य त्यावर एक दोरा वापरतात. जाडसर लिननचा दोरा फ्रेमवर ताणून बांधायचा. त्यावर निवडुंगाचा ताजा चीक फासायचा, वाळवायचा, पुन्हा फासायचा, असं अकरा वेळा. मग चीक आणि आघाड्याची राख विरघळवून काढलेला क्षार, सात वेळा. शेवटी चीक आणि हळद, तीन वेळा. एकवीस थरांचा हा खरखरीत पिवळा दोरा भगंदराच्या वाटेतून ओवून बाहेर गाठ मारतात आणि आठवड्याला बदलतात. क्षार आतली सडलेली भिंत कापत नेतो आणि मागून जखम भरत येते. मूळ कल्पना सुश्रुताची. पण मला त्यातला आजचा भाग जास्त मोलाचा वाटतो. आयुर्विज्ञान परिषदेनं अनेक केंद्रांत मिळून २६५ रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून तुलना केली: काहींना दोरा, काहींना शस्त्रक्रिया. १९९१ मध्ये निकाल छापला. दोऱ्यानं बरं व्हायला जास्त वेळ लागला, आठ आठवडे, शस्त्रक्रियेला चार. पण दुखणं उलटण्याचं प्रमाण दोऱ्याच्या गटात ४ टक्के, शस्त्रक्रियेच्या गटात ११ टक्के. वैद्यांनी मोजणी मान्य केली, म्हणून एमबीबीएस झालेल्या शल्यविशारदांनाही तो दोरा मान्य करावा लागला. आयुर्वेदाची बदनामी नको म्हणून चाचणीच नको, असं म्हणणाऱ्या मित्रांना मी हा कागद दाखवते.

सर्पगंधेचंही तेच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांवर तिचा अभ्यास केला आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. साऱ्या जगानं वाचला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी तिच्यातून रिसर्पिन वेगळं काढलं. रक्तदाबावर गोळी देता येते, हा विश्वास जगाला ज्या पहिल्या औषधांनी दिला त्यांत आपलं मूळ आहे. आणि त्याच मोजणीनं पुढे हेही दाखवलं की काही रुग्णांना त्यानं खोल उदासी येते. म्हणून ते मागे पडलं. जो हिशेब औषधाला वर नेतो तोच त्याला खाली आणतो, आणि वनस्पती आहे म्हणून त्यातून सुटका नाही.

गुळवेलीची गोष्ट तर आपल्या सगळ्यांच्या अंगणातली आहे. ‘फुलवा’ लिहिणाऱ्या डॉ. शरदिनी डहाणूकर मराठी वाचकांना ठाऊक आहेत. औषधशास्त्रातल्या आम्हा लोकांना त्या केईएममधल्या आयुर्वेदावरच्या संशोधनासाठी जास्त ठाऊक आहेत. पित्तनलिका तुंबून कावीळ झालेल्या रुग्णांची शस्त्रक्रिया फार जोखमीची असे. जंतुसंसर्गानं माणसं दगावत. त्यांनी आणि शल्यविभागातल्या सहकाऱ्यांनी अशा ३० रुग्णांचा अभ्यास केला. काहींचं पित्त नळीनं बाहेर काढलं, काहींना त्याबरोबर गुळवेलीचा अर्क दिला. अर्क मिळालेल्या गटात शस्त्रक्रियेनंतर वाचणाऱ्यांचं प्रमाण बरंच जास्त निघालं. हे १९९३ साली छापून आलं. अभ्यास लहान होता, त्यावरून फार मोठा दावा करता येणार नाही. पण वनस्पती ओळखून घेतलेली, मात्रा ठरलेली, रुग्ण रुग्णालयात, नोंद रोजची.

तीच गुळवेल, तीच मुंबई, २०२०. साथीच्या भीतीनं घरोघरी वेल उकळली जाऊ लागली. ‘प्रतिकारशक्ती’साठी महिनोन्‌महिने, सकाळ-संध्याकाळ, कुणी सांगितलं म्हणून. सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे यकृताला इजा झालेले सहा रुग्ण आले, सगळे गुळवेल घेणारे. ते छापून आल्यावर आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला की वनस्पतीची ओळख पटवलेली नाही. २०२२ मध्ये देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून ४३ रुग्णांची माहिती मांडली. त्यातून दिसलं ते असं: ज्यांच्या शरीरात स्वतःवरच उलटणारी प्रतिकारशक्ती दबून असते, त्यांची ती गुळवेलीनं चेतवली जाऊ शकते आणि यकृत तिच्या तडाख्यात सापडतं. म्हणजे ज्या गुणासाठी डहाणूकरांनी ती वापरली, त्याच गुणाची ही दुसरी बाजू. गुळवेल विष आहे असं मी म्हणत नाही. ती औषध आहे. औषध म्हटलं की कुणाला, किती, किती दिवस आणि कधी थांबायचं, हे चार प्रश्न आलेच. धातूंपासून केलेल्या रसौषधींच्या बाबतीत तर हे दुप्पट खरं. २००४ मध्ये छापलेल्या एका अभ्यासात, बोस्टनमधल्या दुकानांतून विकत घेतलेल्या ७० आयुर्वेदिक उत्पादनांपैकी १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात सापडलं होतं. ग्रंथात शोधन-मारण, म्हणजे धातू शुद्ध करून त्याचं भस्म करणं, सांगितलं आहे, हे उत्तर पुरत नाही. ज्या कारखान्यात ते झालं त्याचा प्रत्येक घाण्याचा तपासणी अहवाल कुठं आहे, ते दाखवावं लागतं.

होमिओपॅथीबद्दल मी थोडक्यात बोलेन, कारण सांगण्यासारखं थोडंच आहे. तीस सी ताकदीच्या गोळीत मूळ पदार्थाचा एकही रेणू उरत नाही, हे साधं रसायनशास्त्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यकीय परिषदेनं २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यास तपासून सांगितलं की कुठल्याही आजारावर तिचा भरवशाचा पुरावा नाही. मी ते मानते. पण त्या डॉक्टरांकडे रुग्ण का जातो, हे आमच्या लोकांनी विचारायला हवं. ते पहिल्या भेटीत तासभर बसवतात, झोप विचारतात, स्वप्नं विचारतात, घरात कोण गेलं ते विचारतात. गॅसकांडातल्या विधवेला हे प्रश्न रांगेच्या शेवटी कुणी विचारले होते? रुग्णाचं ऐकून घेणं हे उपचारांतलं मोठं बळ आहे आणि आम्ही ते हातानं सोडून दिलं.

आता माझ्या शास्त्राचा हिशेब, कारण तो न देता मी इथून उतरले तर या व्याख्यानाला अर्थ नाही. जानेवारी-फेब्रुवारी १९८६, मुंबईचं जे. जे. रुग्णालय. मेंदूवरची सूज उतरवण्यासाठी ग्लिसरीन दिलं गेलं. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल होतं, गाड्यांच्या ब्रेकच्या तेलात पडणारं रसायन. १४ माणसं मूत्रपिंड बंद पडून गेली. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं खरेदीपासून प्रयोगशाळेपर्यंतची सारी सडकी साखळी उघडी केली. हे विष वैद्यकाला नवीन नव्हतं. १९३७ मध्ये अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या गोड औषधात हेच होतं, शंभराहून अधिक माणसं गेली, त्यावरून पुढच्याच वर्षी तिथला कायदा झाला. आणि २०२५ मध्ये, आपल्या राज्यात, छिंदवाड्याच्या परासिया भागात काय झालं ते तुम्ही वाचलं आहे. कोल्ड्रिफ नावाचं खोकल्याचं औषध. ०.१ टक्क्याच्या वर जे असू नये ते त्यात ४८.६ टक्के निघालं. वीसहून जास्त लेकरं गेली. त्यांतल्या अनेकांना नागपूरला नेलं होतं. सीमेपलीकडच्या त्या रुग्णालयांतच डॉक्टरांच्या लक्षात आलं की हा ताप-खोकला नव्हे, ही मूत्रपिंडं विषानं बंद पडताहेत. ती बाटली जडीबुटीवाल्याची नव्हती. परवाना असलेल्या कारखान्यातून निघालेली, डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहिलेली. शिवाय चार वर्षांखालच्या मुलांना खोकल्याची असली मिश्रणं देऊच नयेत, हे आधी ठाऊक असलेलं होतं. जे. जे. नंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी आपण तेच विष तपासायला विसरलो. ‘शास्त्रीय औषध’ ही पाटी म्हणजे तपासणीची हमी नव्हे. घाणा बाहेर पडण्याआधी तो कुणीतरी खरोखर तपासला तरच ते औषध शास्त्रीय.

तरीही एका ठिकाणी मला कुठलीही तडजोड मान्य नाही, आणि ते मी स्पष्ट सांगते. अमेरिकेतल्या येल विद्यापीठातल्या संशोधकांनी बऱ्या होण्याजोग्या कर्करोगाचे २८१ रुग्ण शोधले, ज्यांनी नेहमीचे उपचार पूर्ण नाकारून फक्त पर्यायी उपचार घेतले. नेहमीचे उपचार घेतलेल्यांच्या तुलनेत त्यांच्या मृत्यूचा धोका अडीच पट निघाला. स्तनाच्या कर्करोगात तर पाच पटीहून अधिक. या शहरात, जिथं वायूनं आणि पाण्यानं माणसांचा धोका आधीच वाढवून ठेवला आहे, स्तनातली गाठ, थुंकीतलं रक्त, अंगावरून जाणं यांवर सहा महिने काढा पीत बसणं म्हणजे त्या रात्रीला आणखी एक माणूस देणं आहे. क्षयाच्या गोळ्या मधेच सोडणं हेही तसंच. इथं जो वैद्य रुग्णाला थांबवून घेतो त्याला मी वैद्य म्हणणार नाही. आणि जो वैद्य हात धरून एम्सला पोहोचवतो, त्याच्यासमोर मी वाकते.

एका पॅथीच्या माणसानं दुसरीची औषधं द्यावीत का, याबाबत कायदा काही सांगतो का? सांगतो. मुंबईच्या एका खटल्यात, पूनम वर्मा प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्ये म्हटलं की होमिओपॅथी शिकलेल्यानं ॲलोपॅथीची औषधं दिली, तर त्या शास्त्रापुरता तो अशिक्षितच. महाराष्ट्रानं २०१४ मध्ये होमिओपॅथांना वर्षभराचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम करून आधुनिक औषधं लिहिण्याची वाट मोकळी केली. त्यावरचा वाद अजून धगधगतो आहे. हा विषय मी शिकवते, त्यामुळे माझं मत ठाम आहे: एका वर्षात औषधांची नावं पाठ होतात, रुग्णात काय बिघडलंय ते ओळखायला त्याहून फार जास्त लागतं. खेड्यात डॉक्टर जात नाहीत हे खरं दुखणं आहे, पण त्यावर हा उतारा नाही.

आता कामाचं बोलते. आपलं मंडळ दर वर्षी आरोग्य शिबिर घेतं. एका खोलीत डॉक्टर बसतात, दुसऱ्या खोलीत वैद्य, वऱ्हांड्यात होमिओपॅथ, आणि माणसं तिन्ही रांगांत उभी राहून तीन पर्चे घेऊन घरी जातात. पुढच्या शिबिरात हे बदलावं अशी माझी विनंती आहे. प्रत्येक माणसाला एकच केसपेपर द्यावा. घरातली औषधांची पिशवी बरोबर आणायला सांगावं, पुड्या आणि काढ्यांसकट, आणि ती टेबलावर रिकामी करून पहिल्या पानावर सगळं लिहून घ्यावं: काय, कुणी दिलं, कधीपासून. त्यात बिननावाची पुडी निघाली तर ती एकदम बंद करायला सांगू नये, तो माणूस आधी डॉक्टरसमोर बसवावा. मग डॉक्टर आणि वैद्य यांनी त्याच कागदावर लिहावं, एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं वाचून. होमिओपॅथांनाही मी बोलावेन, फक्त रुग्णाची हकीकत लिहून घेण्यासाठी. ते काम त्यांच्याइतकं नीट कुणी करत नाही. आणि तीन महिन्यांनी मंडळाच्या कार्यकर्त्यांनी प्रत्येकाला फोन करून एकच प्रश्न विचारावा, बरं वाटलं का, आणि उत्तर जसं येईल तसं त्याच कागदावर टिपावं, आपल्या आवडत्या पॅथीला सोयीचं नसलं तरी.

असा केसपेपर मी करून आणला आहे. प्रती बाहेर टेबलावर आहेत. मागचं पान कोरं ठेवलंय. त्यात काय राहिलं, काय चुकलं, ते इथं आलेल्या वैद्यांनी आणि डॉक्टरांनी आजच लिहून द्यावं. शिबिराची तारीख ठरली की मला कळवा, पहिलं टेबल मी धरीन.